दोन खाड्यांचा वानवळा

खारवाडी, ता. मालवण, जि. रत्नागिरी
१४ ऑक्टोबर १९६२

चि. लवूभाऊजींस अनेक आशीर्वाद.

आज सकाळी खाजणातल्या भाताची कापणी सुरू झाली. दिवसभर ऊन होतं. सासूबाईंचा ताप उतरला, दुपारी त्या पेज जेवल्या.

तुमचं पत्र पोचून बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर केला, राग मानू नये. तुम्ही पुण्यात, निरोप पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, म्हणून काय झालं ते विचारलंत. सांगण्यासारखं थोडंच आहे. श्रावणातली गोष्ट. तुमचे दादा रात्री जेवून निजले. पहाटे उलट्या सुरू झाल्या, मग हातपाय ओढू लागले, दातखीळ बसली. डोलीत घालून मालवणला नेलं. डॉक्टर म्हणाले, पटकी दिसते, दर श्रावणात दोनचार माणसं अशी जातातच. दुपारी तिथेच प्राण गेला. वाडीच्या खालच्या टोकाचा म्हातारा धोंडू त्याच दिवशी गेला. शेजारचा बाबली फार आजारी होता, तो वाचला.

पीक मात्र यंदा चांगलं आहे. श्रावण लागताना सरकारी माणसं येऊन खाजणात पंपाने औषध मारून गेली होती. खोडकिडा नावाला नाही. सासूबाई बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "माझ्या झिलाक ह्यां पीक बघूक गावाक व्हया होता."

दसऱ्याला माहेरी नारळ पाठवला. तुम्हाला ठाऊक आहे, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या खाडीतल्या तिसऱ्यांचा वानवळा माहेरी जातो आणि तिथल्या खाडीतल्या तिसऱ्यांचा आमच्याकडे येतो. खाडीत काही नसलं तर टोपलीत नारळ ठेवायचा, रिकामी टोपली पाठवायची नाही. यंदा आमच्याकडे तिसऱ्या मिळाल्या नाहीत. पायाने वाळू उकरली तर तिसऱ्यांचे नुसते उघडे, रिकामे शिंपले. बगळेही यंदा खाजणात उतरत नाहीत.

प्रकृतीस जपावे.

सत्यवती


पुणे
२ डिसेंबर १९६२

ती. गं. भा. सत्यवतीवहिनींस लवूचा साष्टांग नमस्कार.

पत्र अनेकदा वाचलं. दादाबद्दल मला नीट लिहिता येत नाही. त्याने मला पोहायला शिकवलं ते त्याच खाडीत.

आता एक कामाची गोष्ट लिहितो, गैर वाटलं तर क्षमा करा. ते औषध आमच्या शेतकी खात्याचं आहे. येत्या पावसाळ्यात ते तालुक्यातल्या सगळ्या खाजणांना द्यावं की नाही, यावर मत लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. लढाईचे दिवस आहेत, वरून धान्य धान्य चाललं आहे. तिसऱ्यांचं मी साहेबांच्या कानावर घातलं. ते हसून म्हणाले, "अहो, मासेवाले दरवर्षीच रडतात."

हे अगदी खोटं नाही. चार वर्षांपूर्वी तुमच्याच पत्रात होतं की तिसऱ्या नाहीत, नारळ पाठवला. तेव्हा औषध कुठे होतं? खाडी काही कोठार नव्हे, तिचं कमीजास्त चालायचंच. म्हणून तिसऱ्या औषधाने गेल्या असं म्हणणं कच्चं आहे. पण "दरवर्षीचंच आहे" हेही तितकंच कच्चं, कारण दरवर्षी काय होतं ते कोणी पाहिलेलंच नाही.

माझ्या मनात एक आलं. तुमच्या माहेरची खाडी डोंगरापलीकडे. पाऊस तोच, समुद्र तोच, औषध मात्र तिथे मारलेलं नाही. तिथे यंदा काय आहे? आणि पूर्वी आपली खाडी उपाशी असायची तेव्हा ती कशी असायची? आपल्या खाडीवर औषधाशिवाय दुसरं काही वेगळं घडलं असेल तर तेही लिहा. बारीकसारीक असलं तरी चालेल.

आपला
लवू


खारवाडी
२० जानेवारी १९६३

चि. लवूभाऊजींस अनेक आशीर्वाद.

संक्रांत झाल्यावर डोंगरमाथ्याच्या सड्यावरून चालत माहेरी गेले. चार दिवस राहिले. काल परत आले.

दारातच सुगंधावहिनी भेटली. म्हणाली, "इलंस गो बाय? तुजो नारळ बघून आमका वाटला, दुखवट्याचा घर, म्हणान तिसरे धाडूक नाय." मी म्हटलं, खाडीतच नव्हत्या. ती म्हणाली, "हयसर ये मगे. खावन खावन घरवाल्यांक कंटाळो इलो." तिने टोपली दाखवली. खरंच, एवढ्या मोठ्या तिसऱ्या मी बऱ्याच वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

वडिलांना तुमचा प्रश्न सांगितला. ते म्हणाले, "कोण, लवू? तो पाण्याक भियत होतो, तोच मां?" मग जरा विचार करून म्हणाले, "दोनय खाडयो एकाच वर्साक उपाशी रवतत. पावस चढ पडलो की गोड्या पाण्यान हयले मरतत, थयले मरतत. दोनयकडसून नारळ येतत." मी विचारलं, आमचीच एकटी उपाशी राहिली असं कधी झालं नाही? त्यांना एक वर्ष आठवलं. माझं लग्न नुकतंच झालं होतं. आमच्या खाडीच्या तोंडावर वाळूचा बांध पडला होता आणि भरतीचं पाणी आत येईना. येताना मी मुद्दाम तोंडाशी जाऊन पाहिलं. तोंड उघडं आहे. पाणी येतं, जातं.

दुसरं काही घडलं का, असं विचारलंत. एकच आठवतं, त्याचा तिसऱ्यांशी संबंध नाही. औषध मारून माणसं गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी खाजणातून खाडीला मिळणाऱ्या व्हाळात मासे उलटे होऊन तरंगायला लागले. उन्हाळ्यात कोंडीत गेळीची फळं ठेचून घालतात तेव्हा गुंगतात तसे. सगळे बाबलीला धरून बसले. "बाबल्या, भर पावसात गेळ खंयसून हाडलंस रे?" तो म्हणे, "देवाशपथ मी नाय! पण फुकट गावतत तर सोडतंय कित्याक?" खूप हसाहशी झाली. हे टोपलीभर मासे घेऊन आले. सासूबाई आणि मी श्रावण पाळतो, हे पाळत नसत. मी सार करून दिलं. श्रावणात मी चाखून बघत नाही, त्यामुळे मीठ कमी पडलं. ते म्हणाले, "सत्यवती, देवाक भितंस ती भी, पण मिठाक कित्याक?" मी वरून मीठ वाढलं.

ते त्यांचं शेवटचं जेवण. म्हणून लक्षात राहिलं.

सत्यवती


पुणे
४ फेब्रुवारी १९६३

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

पत्र मिळालं. तुमच्या वडिलांनी सांगितलेलं फार उपयोगी आहे. पाण्याला भीत होतो हेही खरं.

एकच विचारायचं आहे. त्या दिवशी खारवाडीत कोणाकोणाच्या घरी आजार झाला, आणि त्या घरांत श्रावण पाळतात का? आजारी न पडलेल्या घरांतही विचारा. पाणी सगळे एकाच विहिरीचं पितात ना, तेही कळवा. कारण आता विचारू नका. भेटीत सांगेन.

औषध पुन्हा आलं आणि मासे तरंगले, तर ते कोणी घरी आणू नयेत. एवढं मात्र सगळ्यांना सांगा.

लवू


खारवाडी
२८ फेब्रुवारी १९६३

चि. लवूभाऊजींस अनेक आशीर्वाद.

या आठवड्यात वाडीत फिरले. लोकांना वाटलं, हळदीकुंकवाचे दिवस सरल्यावर ही बाई घरोघर कशाला येते. कोणी तोंडावर बोललं नाही.

आजार तीन घरांत झाला. आमच्या, धोंडूच्या आणि बाबलीच्या. बाबलीची बायको तुळसा म्हणाली, "श्रावण? मी एकटीच पाळतंय. माझो घो सोमवारसुद्धा सोडणा नाय, म्हयनो खंयचो सोडतलो!" धोंडूची सून म्हणाली, म्हातारा एकटाच खायचा, बाकीची पाळतात. म्हाताऱ्याशिवाय त्या घरात कोणाला काही झालं नाही. उरलेल्या वाडीत सगळे श्रावण पाळतात आणि त्यांच्यात एकही आजारी नव्हता. विहीर एकच आहे. मीही तेच पाणी प्याले, सासूबाईही.

तुम्ही कारण विचारू नका म्हणालात. मी विचारत नाही. तुळसेच्या ओट्यावरून उठताना मला कळलं.

सासूबाईंना सांगितलेलं नाही. त्या रोज त्या पिकाचं कौतुक करतात. तोच भात आम्ही जेवतो.

तुम्हाला जे लिहायचं असेल ते वर लिहा. आमची नावं घातली तरी माझी हरकत नाही.

सत्यवती


पुणे
२५ मे १९६३

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

तीन महिने पत्र लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखं चांगलं काही नव्हतं.

मार्चमध्ये मी मत लिहून दिलं. दोन्ही खाड्यांचं लिहिलं, वाळूच्या बांधाचं लिहिलं, श्रावणाचंही लिहिलं. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी सगळं दोनदा वाचलं. मग म्हणाले, "तीन आजारी, दोन मयत. मालवणच्या दवाखान्यात दर श्रावणात याहून जास्त येतात. यात औषधाचे कोणते आणि नेहमीचे कोणते हे तुम्ही कसं ओळखणार?" मी श्रावणाकडे बोट दाखवलं. ते म्हणाले, "एक वाडी. योगायोग असू शकतो." खाड्यांबद्दल म्हणाले, "एका म्हाताऱ्याची आठवण. दोन खाड्या सारख्याच वागतात याला पुरावा काय?"

वरून निर्णय आला तो असा. सगळ्या तालुक्याला यंदा औषध नाही. आणखी एक वर्ष पाहायचं. मात्र संशय कायमचा फिटावा म्हणून या पावसाळ्यात ते दोन्ही खाड्यांकाठच्या खाजणांत मारायचं. आपल्या आणि तुमच्या माहेरच्या.

ती खाडी कागदावर मी आणली, वहिनी. मी ती न मारलेली खाडी म्हणून दाखवली होती. माझी बदली बियाण्यांकडे झाली आहे. कागद दिसतात, पण सही माझी चालत नाही.

आषाढाच्या शेवटी माणसं येतील. माहेरी सांगा. मी रजा मागितली होती, मिळाली नाही.

लवू


खारवाडी
१२ जुलै १९६३

चि. लवूभाऊजींस अनेक आशीर्वाद.

पाऊस फार आहे. सड्यावरची वाट निसरडी झाली आहे, तरी दोनदा माहेरी जाऊन आले.

आधी सरळ सांगून पाहिलं. भाऊ म्हणाला, "सरकार विष देतला काय? तुमच्या खारवाडीचा पीक आमी बगला नाय? गेल्या वर्सा आमचा अर्धा भात किड्यान खाल्ल्यान. तेव्हा खंय होतंस?" सुगंधावहिनी म्हणाली, "बाय, तुज्या दुःखान तुका सगळ्यात त्याच दिसता." ती मायेने म्हणाली.  दर पावसाळ्यात माणसं मरतात, हे तीही ऐकून आहे.

 वडील देवळाचे मानकरी आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावकऱ्यांना देवळात बोलावलं आणि देवाला गाऱ्हाणं घातलं. औषधाचं नावही घेतलं नाही. म्हणाले, "जावयाचा वर्स पुरा जावचा आसा. ह्या वर्साक आषाढ सरल्यापासून गणपती जाईसर गावान मासो खावचो नाय. व्हाळात कोणी उतराचा नाय. देवाक सांगला तां मोडलात तर तुमी आणि देव बघून घेवा." सगळ्यांनी हात जोडले. बाहेर आल्यावर भाऊ मला म्हणाला, "बापाशीक पटवलंस मां?" मी म्हटलं, मी काही बोलले नाही.

इथे खारवाडीत काय करावं ते कळेना. शेवटी सासूबाईंना सांगितलं. मासे, सार, सगळं. त्या चुलीसमोर बसल्या होत्या. त्यांनी लाकूड आत सारलं. मग एवढंच विचारलं, "तुज्या हातचा होता मां? पोटभर जेवललो?" मी हो म्हटलं. सकाळी काठी घेऊन त्या भर पावसात घरोघर गेल्या. प्रत्येक दारात सांगितलं, माझ्या झिलाच्या वर्षश्राद्धाआधी ज्याच्या घरी मासा शिजेल त्याच्याकडे मी मरणालाही जाणार नाही. बाबली म्हणाला, "आये, तुज्या पाया पडतंय, पण म्हयनोभर पेज कशाबरोबर खाव?" त्या म्हणाल्या, "माज्या शापाबरोबर खा."

तेव्हा त्याची काळजी नको. खाडीचं मात्र देवालाही सांगून भागणार नाही असं वडील म्हणतात.

सत्यवती


पुणे
२० सप्टेंबर १९६३

ती. वहिनींस साष्टांग नमस्कार.

दादाचं वर्षश्राद्ध पार पडलं असेल. मी इथे त्या दिवशी उपास केला.

श्रावणातली दवाखान्याची माहिती आली. खारवाडीतून एकही रोगी नाही. तुमच्या माहेरच्या गावातूनही नाही. वाचून मला बरं वाटलं. मग त्याखाली साहेबांचा शेरा वाचला. औषध दोन्ही गावांत मारलं, आजार कोठेही झाला नाही, तस्मात गेल्या वर्षीचे मृत्यू नेहमीच्या साथीचे होते.

मी त्यांच्या खोलीत गेलो. म्हटलं, साहेब, लोकांनी मासे खाल्ले नाहीत म्हणून वाचले. ते म्हणाले, "दोन गावं सरकारचं ऐकत नाहीत आणि तुमच्या वहिनीचं ऐकतात?" मी देवाच्या गाऱ्हाण्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "हे मी वर कसं लिहू?"

आता खाडीचा प्रश्न तेवढा उरला आहे. दसरा जवळ आला. टोपलीत काय येतं ते कळवा. निर्णय दिवाळीपूर्वी व्हायचा आहे.

लवू


खारवाडी
६ ऑक्टोबर १९६३

चि. लवूभाऊजींस अनेक आशीर्वाद.

कापणी चालू आहे. पीक गेल्या वर्षीपेक्षाही चांगलं आहे. आज ढग होते, पाऊस नाही. सासूबाई देवळात गेल्या आहेत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी खाडीत उतरले. काही मिळालं नाही. टोपलीत नारळ ठेवला, वर पान झाकलं आणि बाबलीला माहेरी धाडलं. तो दुपारपर्यंत यायचा नाही असं धरून होते, तर घटकाभरातच दारात. मला वाटलं, वाटेत पडला. म्हणाला, "वयनी, सड्यार तुजो भाव गावलो. तेच्या डोक्यार तुमच्या म्हायारची टोपली. मी म्हटलंय, दाखय बघू काय हाडलंस. तेनी पान काढल्यान, तर नारळ! मी आमचा पान काढलंय, तर नारळ! दोगांय हसलंव. मगे नारळ बदललंव, विडी वडली आणि आपापल्या घराक गेलंव."

तो हसत होता. मलाही हसायला यायला हवं होतं.

चार दिवसांनी मी जाऊन आले. ती खाडी तुम्ही पाहिलेली आहे. ओहोटीला बायका कमरेत वाकून वाळू उकरायच्या तिथे कोणी नव्हतं. वाळूवर कुर्ल्यांची बिळं होती, त्यांतून काही बाहेर येत नव्हतं. एक घार पंख पसरून पालथी पडली होती. सुगंधावहिनी माझ्याकडे बघेना.

वडील ओट्यावर बसले होते. मी बाजूला बसले. ते म्हणाले, "दोनय खाडयो उपाशी. पावसय यंदा चढ पडलो. म्हणजे वर्सच तसा." त्यांच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. दोन्हीकडून नारळ आले की वर्षच तसं, हे त्यांनीच मला जन्मभर सांगितलं. मी म्हटलं, बाबा, औषध? ते म्हणाले, "आसात. पण आता कशावरून वळाखतलंस?"

तुमचे साहेब हेच म्हणतील. पाऊस जास्त झाला, दोन्ही खाड्या एकाच वर्षी गेल्या, पूर्वीही जात. माणूस तर एकही दगावलं नाही. त्यांना खोटं लिहावंच लागणार नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे दाखवायला एक भरलेली खाडी होती. आता माझ्या माहितीत तिसरी खाडी नाही, आणि असली तरी तिचं नाव मी तुम्हाला लिहिणार नाही.

पुढच्या वर्षी सगळ्या तालुक्यात माणसं येतील. त्या प्रत्येक गावात माझे वडील नाहीत, आणि गाऱ्हाणं एकाच वर्षाचं होतं. बाबली आत्तापासून म्हणतो, पुढच्या श्रावणात मी कोणाचं ऐकणार नाही.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नये. हे लिहायला मला दोन दिवस लागले, पण ते मनापासून लिहिलं आहे.

माहेरचा नारळ कोपऱ्यात तसाच होता. ठेवून नासेल, म्हणून मघाशी फोडला. पाणी तुळशीला घातलं. घरात कोणी नाही, तिन्हीसांजेला अजून वेळ आहे. विळी काढून ठेवली आहे. आता खवायला बसते.

सत्यवती